तरवड : मोटेला कातडे देणारे झुडूप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यावलहून उत्तरेला सातपुड्याच्या दिशेने निघाले, की केळीच्या बागा मागे पडतात आणि दगडगोट्यांची जमीन सुरू होते. डोंगरातल्या नाल्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेले गोटे आणि जाड वाळू पायथ्याशी पसरली आहे. भूगर्भशास्त्रज्ञ या पट्ट्याला ‘बझाडा’ म्हणतात. इथे पडलेला पाऊस वर टिकत नाही, खाली मुरतो आणि पुढे तापीच्या गाळाच्या जमिनीतील विहिरींना पाणी पुरवतो.

अशा जमिनीवर घर बांधणाऱ्याला अंगणाचा प्रश्न पडतो. हिरवळ लावावी तर रोज पाणी हवे, आणि गुलाब दगडात जगत नाही. अशा वेळी मला आठवते ते तरवड. कुणी मुद्दाम लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी मुरमाड माळावर पिवळ्याधमक फुलांनी भरून जाणारे हे आपले देशी झुडूप. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी नवरात्रात घटावर याच फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणात तर ते राज्यफूल आहे, आणि तिथल्या बतुकम्मा सणात त्याला मानाचे स्थान आहे.

लिनियसने 1753 साली या झुडपाला ‘कॅसिया ऑरिक्युलेटा’ असे नाव दिले. पानांच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णे असतात, त्यावरून हे नाव. आज ते ‘सेना’ या कुळनावाने ओळखले जाते. पण आपल्याकडे त्याची ओळख शास्त्रज्ञांच्या आधी कातडी कमावणाऱ्यांना होती. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. ते कातड्यातील प्रथिनांना बांधून ठेवते, म्हणून कमावलेले कातडे कुजत नाही. चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढलेले कातडे सालीच्या काढ्यात मुरत घालायचे, काढा बदलत राहायचे. हे कष्टाचे, उग्र वासाचे काम ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. गावाला त्यांचे कातडे हवे होते, त्यांची वस्ती मात्र गावाबाहेर.

या कातड्याची मोट होत असे. सोंडेची मोट, नाडा, सोंदूर, बैलांची धाव हे शब्द आज नातवंडांना समजावून सांगावे लागतात. सतत भिजणारे कातडे कमावलेले नसेल तर काही दिवसांत सडेल. म्हणजे विहिरीचे पाणी वर काढण्यात कमावणीच्या सालीचा वाटा होता. आणि गंमत अशी, की ही साल देणाऱ्या तरवडाला स्वतःला मोटेचे पाणी कधी लागले नाही!

पुढे चित्र पालटले. विसाव्या शतकात क्रोम कमावणीची पद्धत आली. दक्षिण आफ्रिकेतून वॉटलची साल येऊ लागली. ते झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. विहिरीवर आधी इंजिन आले, मग विजेचा पंप. मोट अडगळीत गेली आणि तरवड ‘निरुपयोगी झुडूप’ ठरले. 1972 च्या दुष्काळानंतर कूपनलिका वाढल्या. मोटेने दिवसभरात जेवढे पाणी निघे, तेवढे आता बटण दाबताच येते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याने समृद्धी पाहिली, पण पाण्याची पातळीही खाली जाताना पाहिली. 2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, तो ही तहान भागवण्यासाठीच. ज्या जमिनीतून पाणी मुरवायचे, तिथेच हिरवळीसाठी ते उपसायचे, हा हिशेब मला पटत नाही.

मग तरवड लावायचे कसे? वाळलेल्या चपट्या शेंगांतले बी काढावे. त्याचे टरफल कठीण असते, म्हणून गरम पाणी ओतून रात्रभर भिजू द्यावे. पहिल्या चांगल्या पावसानंतर जागेवरच टोकावे. याचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे मोठे रोप उपटून दुसरीकडे लावले तर बहुधा मरते. दोन रोपांत हात-दोन हात अंतर ठेवावे. पहिला उन्हाळा जपावा, पुढे पाण्याची फारशी गरज नाही. उलट पाणी साचले तर मुळे कुजतात. एरवी ते पुरुषभर वाढते. बहर ओसरल्यावर छाटत राहिले, तर गुडघा-कमरेइतके राहून फुटवे धरते, जमीन झाकते आणि मातीला धरून ठेवते. शेळ्या-गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण लागत नाही. फुलांत मध नसतो, तरी परागांसाठी भुंगे गुणगुणत येतात.

याच तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. गांधीजींच्या इच्छेनुसार चित्रकार नंदलाल बोस यांनी ते नगर बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून सजवले होते. जे आपल्या भुईत आहे त्यातही शोभा असते, हे त्या वेळी देशाने खानदेशात पाहिले. आपल्या अंगणापुरते तरी ते आपण विसरू नये. येत्या जूनमध्ये मूठभर तरवडाचे बी हाताशी असू द्या.