रॅम दुप्पट करणारं खोकं

लॅपटॉप जुना झाला, चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायला लागला, की आपण पहिलं काय करतो? कुठला तरी 'बूस्टर' किंवा 'क्लीनर' डाउनलोड करतो. एक हिरवा गोल फिरतो, 'तुमचा पीसी आता ६० टक्के फास्ट' असं काहीतरी येतं, आणि लॅपटॉप होता तसाच रखडत राहतो. आज या बूस्टरांच्या पणजोबाची गोष्ट सांगतो.

ऑगस्ट १९९५. विंडोज ९५ बाजारात आलं. कागदोपत्री ते ४ एमबी रॅमवर चालायचं, पण नीट चालायला ८ तरी लागायचे. हो, एमबीच, जीबी नाही! आणि तेव्हा अमेरिकेत एका एमबीला साधारण ३० डॉलर पडायचे. म्हणजे चारच्या आठ करायच्या तर शंभरावर डॉलर गेले. अशा वेळी सिंक्रोनिस नावाच्या कंपनीने 'सॉफ्टरॅम ९५' आणलं. दावा असा, की हे सॉफ्टवेअर टाका, रॅममधला डेटा दाबून बसवला जाईल आणि तुमची रॅम दुप्पट होईल. खोकी धडाधड खपली. सहा लाखांवर प्रती!

मग मार्क रुसिनोविच, ब्राइस कॉगस्वेल आणि अँड्र्यू शुलमन यांनी ते प्रोग्रॅम उघडून पाहिलं. आत काय होतं? मायक्रोसॉफ्टने डेव्हलपर लोकांना नमुना म्हणून दिलेला कोड, किरकोळ बदल केलेला. डेटा दाबणं वगैरे काही नाहीच. स्क्रीनवर दिसणारा वाढलेला आकडा तेवढा छान होता. डिसेंबरमध्ये कंपनीने माल परत मागवला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली.

हे प्रोग्रॅम करत काय होतं, तर डिस्कवरची स्वॅप फाइल वाढवत होतं. आता हे स्वॅप म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण तुमच्या रखडणाऱ्या लॅपटॉपचं मूळ तिथेच आहे.

स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणा. रॅम म्हणजे ओटा. हाताशी, पण लहान. डिस्क म्हणजे माळा. जागा भरपूर, पण शिडी लावून चढावं लागतं. जुन्या काळी ओट्यावरून माळ्यावर काय ठेवायचं, परत कधी काढायचं, हे प्रोग्रॅमरला स्वतः लिहावं लागे. १९६२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या टीमचा ॲटलस कॉम्प्युटर सुरू झाला, त्याने ही कटकट आपल्याकडे घेतली. त्याची मुख्य मेमरी १६ हजार शब्दांची (एक शब्द म्हणजे ४८ बिट) आणि फिरत्या चुंबकी ड्रमवर ९६ हजार. प्रोग्रॅमला मात्र सगळा एकच मोठा ओटा दिसायचा. खालची ने-आण मशीन गुपचूप करायचं. आजच्या व्हर्च्युअल मेमरीची सुरुवात तीच. माझ्या मते कॉम्प्युटरच्या इतिहासातली ही सगळ्यात देखणी थाप आहे!

पण थापेला मर्यादा असते. ओट्यावर एकाच वेळी पुरणपोळी, आमटी आणि भजी करायला घेतली, तर लाटणं खाली आणायला परात वर ठेवावी लागते, आणि लगेच परातच लागते. दिवसभर शिडीवर चढउतार, पोळी एकही नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या-त्या वेळी लागणारा एक ठरावीक ऐवज असतो, 'वर्किंग सेट'. तो रॅममध्ये मावला पाहिजे. मावत नसेल तर प्रोसेसर कितीही दमदार असो, तो नुसता वाट बघत बसणार.

किती वाट? रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते. तिचा हेड जागेवर जायला आणि तबकडी फिरून यायला मिळून १५ मिलिसेकंदांच्या आसपास. आकडे डोक्यात बसत नाहीत ना? समजा, रॅमला एक सेकंद लागला. मग त्या डिस्कला जवळजवळ पावणेदोन दिवस लागतील. आणि एसएसडीला? पंधरा-वीस मिनिटं.

म्हणजे खरा तोडगा ज्या चिपमधून आला, ती फ्लॅश मेमरी. तोशिबामधले फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली, आणि आपल्या एसएसडीत, पेनड्राइव्हमध्ये, फोनमध्ये असते ती नँड जात १९८७ मध्ये. फिरणारं काहीच नाही, त्यामुळे शिडीच गेली. यात तोशिबाने बक्कळ कमावलं. मासुओकांना मात्र आपल्या वाट्यासाठी कंपनीवर दावा लावावा लागला. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली.

सुरुवातीला हे प्रकरण श्रीमंतांचंच होतं. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरला ६४ जीबीची एसएसडी हवी असेल तर ९९९ डॉलर जास्तीचे! आज तिच्या कितीतरी पट मोठी एसएसडी पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोणीही बसवून देतं.

तर तुमच्या लॅपटॉपचं काय? टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये बघा. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर रॅम वाढवा, किंवा क्रोमचे चाळीस टॅब तरी आवरा. डिस्कपुढे 'एचडीडी' लिहिलंय आणि आकडा सारखा १०० टक्के? मग एसएसडी टाका. दोन्हीतलं एकच परवडत असेल आणि रॅम ४ जीबी तरी असेल, तर मी आधी एसएसडी घेईन. बॅकअप घेतल्याशिवाय मात्र दुकानात जाऊ नका. काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आणि स्टोरेज बोर्डलाच चिकटवलेलं असतं, तिथे पर्याय कमी. अशा मशीनवर हलकं लिनक्स टाकून बघा.

आणि हो, फोनमधल्या रॅम बूस्टरचं बरेच जण विचारतात. अँड्रॉइड मागची ॲप मुद्दाम रॅममध्ये ठेवतं, परत उघडताना वेळ वाचावा म्हणून. बूस्टर ती मारतो, मोकळ्या रॅमचा आकडा वाढलेला दाखवतो, आणि पुढच्या वेळी व्हॉट्सॲप पहिल्यापासून लोड होतं. १९९५ च्या खोक्यातही आकडाच वाढायचा.

चला, भेटू पुढच्या भागात.