आईला आई भेटली तेव्हा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्याच, असा सेक्रेटरीबाईंचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली. एखादी पाककृती देईन म्हणत होते. परंतु गेली सहा वर्षे एक विषय आमच्या घरात आहे आणि त्यावर मी जमेल तसे वाचीत आले आहे, तेव्हा तेच लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. तो जन्मला तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी दारातच उभे राहून ते सांगितले आणि फार आशा ठेवू नका म्हणून निघून गेले. बारशाला फारसे कोणाला बोलावू नये, असे घरात मीच सुचवले होते. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

या अवस्थेला ज्यांचे नाव पडले ते डॉ. जॉन लँग्डन डाऊन इंग्लंडातले. अशा मुलांची लक्षणे त्यांनी १८६६ साली लिहून काढली. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी या मुलांना मंगोल लोकांचे नाव दिले. ते चुकीचे तर होतेच, पण त्या लोकांचा अपमान करणारेही होते. पुढे १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडून दिले. मात्र डॉक्टर निर्दय नव्हते. १८६८ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी मेरी यांनी नॉर्मन्सफील्ड नावाचे घर काढून अशा मुलांना तेथे मायेने वाढवले. आणि दैवाची गोष्ट पाहा, डॉक्टर वारल्यावर त्यांचा एक नातू याच अवस्थेत जन्मला!

याचे कारण कळायला १९५९ साल उजाडावे लागले. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, या मुलांच्या पेशीत ४७. एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन. फ्रान्समधील लेज्युन, गोतिए व त्युर्पँ यांनी हे दाखवले. गोतिएबाईंनी त्यासाठी पेशी वाढवण्याचे काम केले होते, तरी नाव मात्र बरीच वर्षे लेज्युन यांचेच गाजले. (हे आपणा बायकांना नवीन नाही.) तेव्हा ग्रहणात काही चिरल्याने किंवा आईच्या डोहाळ्यांनी असे मूल होते, हे म्हणणे कायमचे सोडावे. माझ्या जावेला हे बोल पुष्कळ ऐकावे लागले.

पण कारण कळले म्हणून आईचा दिवस सोपा होत नाही. तो कशाने सोपा झाला, ते मला सांगायचे आहे.

इंग्लंडात १९४४ च्या कायद्याने अशा पुष्कळ मुलांना 'शिकवता न येण्याजोगी' ठरवून शाळेबाहेर ठेवता येत होते. जूडी फ्राइड यांची मुलगी मंदबुद्धीची होती. १९४६ साली त्यांनी 'नर्सरी वर्ल्ड' या आयांच्या मासिकात पत्र लिहिले, की माझ्यासारख्या ज्या कोणी असतील त्यांनी मला कळवावे. उत्तरे आली. एकेकीने मनात दाबून ठेवलेला राग आणि दुःख त्यांत होते. त्यातून पालकांची संघटना उभी राहिली. तीच आजची 'मेनकॅप'. १९५८ साली जॅक टिझार्ड यांनी मोठ्या इस्पितळातली १६ मुले ब्रुकलँड्स नावाच्या घरात आणून घरच्यासारखी वाढवली. दोन वर्षांत त्यांचे बोलणे मागे राहिलेल्या मुलांपेक्षा सुधारले. घर आणि माणसे मिळाली, एवढाच काय तो फरक. अखेर १९७० चा कायदा झाला आणि १९७१ पासून तेथे प्रत्येक मुलाला शाळेचे दार उघडे झाले.

आपली मुंबई याबाबतीत मागे नव्हती, हे मला फार उशिरा कळले. फ्राइडबाईंच्या पत्राच्या दोन वर्षे आधी, १९४४ साली, जय वकील यांनी व त्यांच्या डॉक्टर पतींनी आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. आज शिवडीला आहे ती तीच संस्था. पुढे पुण्यात 'कामायनी' निघाली. चेन्नईला सुरेखा रामचंद्रन यांनीही आपल्या मुलीच्या निमित्ताने पालकांना एकत्र केले. बदलापूरला पालकांनीच 'आधार' उभी केली, कारण 'आमच्यामागे याचे कोण?' हा प्रश्न रात्री त्यांनाच पडतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याची सोय झाली. 'निरामय' ही आरोग्य विमा योजना त्याच न्यासाची. भगिनींनी तिची चौकशी अवश्य करावी. आम्हांला ती चार वर्षे कोणी सांगितलीच नव्हती. यांपैकी पुष्कळ मुलांना जन्मतः हृदयाचा विकार असतो आणि शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर मूल वाचते.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी जाऊ मुलाला घेऊन प्रथमच मंडळात आली. मी मनातून घाबरलेच होते. तो तिळगुळाच्या ताटाशी जाऊन बसला. तेवढ्यात मागच्या आळीतल्या एक बाई उठून जावेजवळ आल्या आणि हळूच विचारू लागल्या, "हा घन खायला कधी लागला हो?" त्यांची मुलगी अडीच वर्षांची, तशीच, आम्हांपैकी कोणाला माहीत नव्हती. दोघी ओट्यावर तासभर बोलत बसल्या. कुंकू लावायचे राहूनच गेले.

आता दर बुधवारी दुपारी चौघी आया मुलांना घेऊन मंडळाच्या खोलीत जमतात. एक धुळ्याहून बदलून आलेल्या आहेत. कोणी जीभ आत घेण्याचा व्यायाम दाखवते, कोणी शाळेच्या अर्जाचे सांगते, कोणी नुसतीच बसते. खोलीची किल्ली जावेकडे असते. तेथला पंखा मात्र दिवाळीपासून बंद आहे, तो कार्यकारिणीने उन्हाळ्यापूर्वी दुरुस्त करून द्यावा, अशी या निमित्ताने विनंती आहे.