टिक् : एका आवाजाची कहाणी

वर्तमानपत्रात शेअरबाजाराच्या पानावर ‘अपटिक’ हा शब्द अधूनमधून भेटतो. शाळामास्तराला त्या पानाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण शब्दामागे लागण्याची माझी खोड जुनी आहे. अर्थ सोपा आहे. आधीच्या सौद्यापेक्षा चढ्या भावाने सौदा झाला, की तो अपटिक. मग ती चढ अगदी एका पायरीची का असेना!

१८६७ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलाहन याने तारेने आलेले भाव कागदी फितीवर छापणारे यंत्र काढले. ते टिक्‌टिक् करी, म्हणून त्याचे नाव टिकर. ‘टिक’ त्याच घराण्यातला मानतात. तिथली सर्वांत लहान पायरी पुष्कळ वर्षे डॉलरचा आठवा हिस्सा होती. जुना स्पॅनिश डॉलर आठ भागांत मोजत, त्याची ती आठवण. १९९७ साली ती सोळावा हिस्सा झाली. १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया मोजणाऱ्या आपल्याला हा ‘डॉलरचा आणा’ परका वाटू नये! २००१ साली तिथेही सेंटचा हिशेब आला.

या इवल्याशा पायरीला कायद्यात स्थान मिळाले, ते मात्र मोठ्या पडझडीनंतर. २९ ऑक्टोबर १९२९ रोजी त्या बाजारात एक कोटी चौसष्ट लाखांवर शेअर विकले गेले. टिकर तासन्‌तास मागे पडला. आयुष्याची पुंजी शेअरांत घातलेली माणसे फितीकडे डोळे लावून उभी होती, आणि फीत सांगत होती मघाचे भाव! आपण बुडालो की तरलो, हेही त्यांना कळेना.

मंदीवाल्यांवर लोकांचा रोष होताच. हाती नसलेला शेअर उसना आणून आधी विकायचा आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचा, हा त्यांचा व्यवहार. १९३८ साली अमेरिकेत नियम झाला : असा शेअर घसरत्या भावात विकायचा नाही, भावाने निदान एक पायरी वर चढलेली असली पाहिजे. हाच ‘अपटिकचा नियम’.

पुढे काही शेअरांपुरता तो बाजूला ठेवून पाहिला. फारसा फरक दिसेना, म्हणून २००७ साली तो उठवला. दुसऱ्याच वर्षी बाजार कोसळला आणि नियम परत आणा, अशी ओरड झाली. २०१० साली निराळ्या रूपात तो आला : एखादा शेअर दिवसात दहा टक्के घसरला, तरच बंधन.

अर्थशास्त्री त्याच्या उपयोगाविषयी वाद घालोत. मला त्यातली माणुसकी भावते. घसरणाऱ्याला आणखी ढकलण्यापूर्वी त्याला एक पाऊल सावरू द्यावे, एवढेच त्यात मागितले आहे. यंदा दिवाळीत दलाल स्ट्रीटवरचे मुहूर्ताचे सौदे वाचताना त्या आकड्यांमागे कोणाची तरी पुंजी आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.