अडकण्याचे शब्द : 'डेडलॉक', 'स्टेलमेट' आणि त्यांचे सोयरे

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना 'डेडलॉक' आला की आपण 'कोंडी' लिहितो, 'स्टेलमेट' आला तरी 'कोंडी', 'इम्पास' आला की पुन्हा 'कोंडी'. फार तर 'पेच' आणि 'तिढा' यांची आलटून पालटून योजना करतो. समानार्थी कोशांतही हे शब्द एकाच माळेचे मणी असल्यासारखे एका ओळीत बसवलेले असतात. आमच्या मते ही सोय फसवी आहे. यांतला प्रत्येक शब्द निराळ्या जागी जन्मला: कोणी रंगभूमीवर, कोणी पटावर, कोणी गल्लीत, नदीत किंवा चौकात. गती कोणामुळे थांबली, याचे उत्तरही त्या जन्मस्थानासकट तो बरोबर वागवत असतो.

'डेडलॉक'चा कोशकारांना सापडलेला जुन्यात जुना दाखला शेरिडनच्या 'द क्रिटिक' या प्रहसनातला आहे. १७७९ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ते प्रथम रंगमंचावर आले. त्यात पफ नावाचा एक नाटककार आपल्या भिकार ऐतिहासिक नाटकाची तालीम दाखवत असतो. दोन पुतण्या व्हिस्करँडोस या स्पॅनिश कैद्यावर खंजीर उगारतात. त्यांचे दोन काका त्यांचे हात धरतात आणि आपल्या तलवारींची टोके त्याच्यावर रोखतात. तो तत्काळ दोन खंजीर काढून त्या दोघींच्या छातीला लावतो. आता कोणालाच हलता येत नाही. या प्रसंगावर स्वतः पफच बेहद्द खूश असतो आणि त्याच्याच तोंडी हा शब्द येतो. पुढे काय? एक रक्षक येऊन राणीच्या नावाने शस्त्रे टाकण्याचा हुकूम देतो आणि सगळे निमूटपणे ती टाकतात. ज्या शब्दाने पुढे साम्राज्यांच्या वाटाघाटींचे वर्णन व्हायचे होते, तो अशा रीतीने एका विनोदातून वर आला, हे आम्हांला फार बोलके वाटते.

या प्रसंगाची रचना किती अचूक आहे, हे गंमत म्हणून संगणकशास्त्राच्या बाजूने पाहावे. १९७१ साली कॉफमन आणि त्याच्या सहलेखकांनी संगणकातल्या 'डेडलॉक'च्या चार अटी मांडल्या: साधन एका वेळी एकाच्याच ताब्यात असणे, हातातले न सोडता दुसऱ्याची वाट पाहणे, ते बळाने काढून घेता न येणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण होणे. पफच्या नाटकात थोड्याफार फरकाने या चारही अटी भरतात. तिसरी अट तेवढी रक्षक येऊन मोडतो.

'स्टेलमेट' बुद्धिबळाच्या पटावरचा. त्यातल्या 'मेट'ला मराठी वाचक ओळखतोच. 'मात करणे' यातली 'मात' तीच, फारसी-अरबी वाटेने दोन दिशांना गेलेली. 'स्टेल' हा अंश मात्र शिळ्या पावाचा नव्हे. जुन्या फ्रेंचमधल्या एका जागी स्थिर राहण्याच्या अर्थाच्या शब्दातून तो आला आहे. राजाला शह नाही, पण कायदेशीर खेळीही उरलेली नाही, अशी ती स्थिती. तिचा निकाल काय लावायचा, यावर शतकानुशतके एकमत नव्हते. अरबी शतरंजात अशी स्थिती आणणारा जिंके. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडात नेमके उलटे होते: प्रतिस्पर्ध्याला असे अडकवणाराच हरे. डाव बरोबरीत सोडवण्याचा नियम तिथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः जेकब सॅरटच्या खटपटीने रुजला. पटावरची सोंगट्यांची मांडणी तीच, पण जिंकणे, हरणे आणि बरोबरी असे तिन्ही निकाल तिच्या वाट्याला आले.

या शब्दाच्या लाक्षणिक वापरात एक लबाडी आहे. पटावर 'स्टेलमेट' झाला की डाव संपतो. दोघे उठून घरी जातात. इतिहासकार मात्र हा शब्द न संपणाऱ्या गोष्टींना लावतात. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत पसरलेली पश्चिम आघाडी १९१४च्या अखेरीपासून १९१८च्या वसंतापर्यंत फारशी सरकली नाही, म्हणून तिला सर्रास 'स्टेलमेट' म्हटले जाते. त्या काळात व्हर्दून झाले, सोम झाले, लाखो माणसे मेली. खेळी उरली नव्हती असे नव्हे. खेळ्या होत होत्या, फक्त रेषा हलत नव्हती. पटावरच्या शब्दाने त्या चिखलाला एक स्वच्छ, भूमितीसारखे रूप दिले, आणि हल्ल्यांचे हुकूम देणारे सेनापती त्या रूपाआड सहज लपले.

'इम्पास'विषयी थोडक्यात. 'क्यूल द साक' म्हणजे शब्दशः पिशवीचा बूड. बंद गल्लीला असले ग्राम्य नाव व्हॉल्तेरला खपेना, म्हणून त्याने 'इम्पास'चा पुरस्कार केला. इंग्रजीने दोन्ही उचलले: बूड गल्लीला ठेवले आणि सभ्य शब्द वाटाघाटींना दिला. 'लॉगजॅम' उत्तर अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांचा. नदीतून सोडलेले ओंडके एकमेकांत अडकून बांधासारखे साचत. १८८३ साली मिशिगनमधल्या ग्रँड नदीत असा प्रचंड तुंबारा झाला होता. तो फोडायला जाणकार माणूस एक कळीचा ओंडका शोधून मोकळा करी. या शब्दात म्हणूनच आशा आहे.

'ग्रिडलॉक' वयाने सर्वांत धाकटा. न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्यात तो आधी बोलला जात होताच. एप्रिल १९८०मधल्या अकरा दिवसांच्या बस-भुयारी रेल्वे संपात अभियंता सॅम श्वार्ट्झ याच्यामुळे तो वर्तमानपत्रांत गेला. मॅनहॅटनच्या काटकोनी रस्त्यांवर एका चौकात अडकलेल्या गाड्या मागचा चौक अडवतात, तो त्याच्या मागचा, आणि चौकोन पुरा होतो. प्रत्येक चालक फक्त पुढच्या गाडीमागे गेलेला असतो. अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयके अडली की हाच शब्द वापरण्याची पुढे प्रथा पडली. सदस्यांना तो सोयीचा आहे, हे उघड आहे. चौकातल्या गर्दीला कोण जाब विचारणार?

आता आपल्या दाराशी येऊ. ६ मे १९४५ रोजी मुंबईत अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात डॉ. आंबेडकरांनी केलेले इंग्रजी भाषण 'कम्युनल डेडलॉक अँड अ वे टू सॉल्व्ह इट' या नावाने प्रसिद्ध आहे. 'डेडलॉक' त्या वर्षांतल्या भारतीय राजकारणाचा परवलीचा शब्द होता. आंबेडकरांचे वेगळेपण असे की त्यांनी दोष मांडणीत शोधला. कोणत्याही एका समाजाला निर्विवाद बहुमत मिळू नये, त्याचे बहुमत सापेक्षच राहावे, हे त्यांचे सूत्र. त्यानुसार केंद्रीय विधिमंडळात हिंदूंना ४०, मुसलमानांना ३२ आणि अनुसूचित जातींना २० टक्के जागा त्यांनी सुचवल्या. शेरिडनच्या प्रहसनातला रक्षक बाहेरून येतो; १९४५ साली राजाच्या नावाने बोलणारा स्वतःच एक खंजीर धरून उभा होता.

या शीर्षकातल्या 'डेडलॉक'ला मराठीत काय म्हणावे? 'कोंडी'त कोंडणारा एक आणि कोंडला जाणारा दुसरा, अशी विभागणी गृहीत आहे. इथे ती बसत नाही. 'तिढा'त नुसता पीळ आहे. आम्ही 'पेच' निवडू. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत कुस्तीच्या आखाड्यातही आहे आणि सुताराच्या हत्यारपेटीतही: पहिल्या अर्थी दोन अंगे एकमेकांत अडकलेली, दुसऱ्या अर्थी उलट्या दिशेने फिरवला तर निघणारा.