ड्यूबियस
ड्यूबियस : अनिश्चितता दर्शविणारे इंग्रजी विशेषण. लॅटिन ‘डुबिउस’पासून सोळाव्या शतकात इंग्रजीत रूढ. लॅटिन शब्दाच्या मुळाशी ‘दुओ’ म्हणजे दोन हा अंक आहे. संस्कृत ‘द्वि’ त्याच कुळातला. दोन बाजूंमध्ये डोलणारे मन, हा मूळ भाव.

या शब्दाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या दुहेरी वापरात आहे. माणूस ड्यूबियस असतो, तेव्हा तो स्वतः शंका घेत असतो. दावा, व्यवहार किंवा कीर्ती ड्यूबियस असते, तेव्हा तिच्याविषयी इतरांना शंका असते. मराठीत पहिल्यासाठी ‘साशंक’ आणि दुसऱ्यासाठी ‘संशयास्पद’ असे वेगळे शब्द असल्याने अनुवादकाने संदर्भ पाहूनच निवड करावी. ‘मी त्या योजनेबद्दल संशयास्पद आहे’ असे लिहिले, तर अर्थाचा अनर्थ होतो.

‘डाउटफुल’ हा जवळचा पर्याय असला, तरी तो बहुधा केवळ अनिश्चितता सांगतो. ड्यूबियसमध्ये लबाडीचा किंवा हलक्या दर्जाचा वास अनेकदा मिसळलेला असतो; ‘ड्यूबियस’ मार्गाने मिळवलेला पैसा स्वच्छ नसतो.

बुद्धिबळाच्या टिपणांत शंकास्पद चालीपुढे प्रश्नचिन्ह व त्यानंतर उद्गारचिन्ह देतात. जीवशास्त्रात ज्या नावाखालची जाती नेमकी ओळखता येत नाही, त्या नावाला ‘नोमेन डुबियम’ म्हणतात. जॉन स्टाइनबेकच्या ‘इन ड्यूबियस बॅटल’ (१९३६) या संपावरील कादंबरीचे शीर्षक मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधून घेतलेले आहे, तेथे हे विशेषण निकाल अनिश्चित असलेल्या युद्धाला लावलेले आहे.