बगदादच्या बाजारात बिबा, वऱ्हाडच्या लाडवात गोडंबी

थंडी पडू लागली की बुलढाणा जिल्ह्यातल्या किराणा दुकानांत डिंक, खारीक आणि खोबऱ्याच्या शेजारी गोडंबी दिसू लागते. बाळंतिणीच्या लाडवात तिला मोठा मान. ही गोडंबी म्हणजे बिब्याच्या काळ्या, टणक फळातला गर. काजू भारतात यायच्या कितीतरी शतकं आधी हे फळ समुद्रापार विकलं जात होतं.

वऱ्हाडाचा परदेशी व्यापार म्हटलं की खामगावचा कापूस आठवतो. त्या कापसासाठी जलंब-खामगाव रेल्वेफाटा झाला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. बिब्यासाठी कोणी रूळ टाकले नाहीत, तरी त्याचा प्रवास कापसापेक्षा विलक्षण आहे.

चरकसंहितेत भल्लातकाची रसायनं सांगितली आहेत. भल्लातक म्हणजे बिबाच. भारतातून तो अरबांकडे गेला आणि तिथल्या वैद्यांनी त्याला स्मरणशक्तीचं औषध ठरवलं. दहाव्या शतकात कैरवानच्या इब्न अल-जज्जारने विस्मरणावर लिहिलेल्या ग्रंथात बिब्याचे पाठ दिले. नवव्या शतकातला बगदादचा इतिहासकार अल-बलाधुरी याचं नावच या फळावरून पडलं. अरबीत बिब्याला ‘बलाधुर’ म्हणतात. तो हे औषध पिऊन भ्रमिष्ट झाला आणि त्यातच गेला, अशी परंपरा आहे. काहींच्या मते औषध घेणारा त्याचा आजोबा होता. मध्ययुगातले ज्यू पंडित शिष्यांना बजावत, की उजळणी करत राहा, म्हणजे बलाधुराची गरज पडणार नाही. फळाचा बोलबाला किती दूरवर होता, ते यातून कळतं.

युरोपातले औषधविक्रेते त्याला ‘अनाकार्डियम’ म्हणत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. काजूचा मात्र त्यात उल्लेख नाही. ब्राझीलचं ते झाड पोर्तुगीजांबरोबर नुकतंच इकडे येत होतं. पुढे १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ‘अनाकार्डियम’ हे नाव काजूला देऊन टाकलं. नावापाठोपाठ बाजारही काजूकडे गेला.

दोन्ही झाडं एकाच कुळातली. दोघांच्याही टरफलात कातडी भाजणारं तेल असतं. बिब्याच्या तेलाने धोबी कपड्यांवर खुणा करत, आणि त्या खुणांमुळे दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर पुरळ उठलं. १९४३ मध्ये तिकडच्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. एका कपड्यावरच्या ठिपक्याने ही अवस्था, तर दिवसभर बिबे फोडणाऱ्या हातांचं काय होत असेल?

बुलढाणा-वाशीमच्या पट्ट्यात हे काम मुख्यतः बायका करतात. बिबा दगडावर धरायचा, ठोका द्यायचा, टरफल फुटलं की गर अलगद काढायचा. तेल उडतं. हाताला राख किंवा गोडं तेल लावलं तरी बिबा उततोच. बोटं काळी पडतात, कधी चेहऱ्यावरही फोड येतात. काजूच्या निर्यातीसाठी १९५५ मध्ये स्वतंत्र परिषद स्थापन झाली, त्याच्या गराच्या प्रती ठरल्या, कारखान्यांत काजू फोडण्याची यंत्रं आली. बिब्याच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही. गोडंबी महाग वाटते ती तिच्या दुर्मिळतेमुळे नव्हे, अशा श्रमामुळे. आणि त्या किमतीतला फार थोडा वाटा फोडणारीच्या हाती पडतो.

कृषी विद्यापीठांनी आणि वनविभागाने बिबा फोडण्याचं साधं, सुरक्षित यंत्र या बायकांच्या हाती द्यावं, बचत गटांमार्फत गोडंबीची थेट विक्री व्हावी. आणि यंदा लाडवासाठी गोडंबी घेताना वाचकांनी भावात घासाघीस करू नये.