सेंट कॅथरिन डॉक्स

लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स विभागातील टेम्सकाठची जुनी गोदी. सध्या मरिना व विहारस्थळ. टॉवर ब्रिजच्या पूर्वेस, उत्तर तीरावर. क्षेत्रफळ सु. 9.5 हेक्टर. राणी मटिल्डाने 1147 मध्ये येथे सेंट कॅथरिनच्या नावाने धर्मादाय रुग्णालय स्थापन केले व भोवती दाट वस्ती वाढली. 1825 च्या कायद्यान्वये गोदीसाठी रुग्णालय व सु. 1,250 घरे पाडण्यात आली, सु. 11,300 लोक उठवले गेले. घरमालकांना भरपाई मिळाली, भाडेकरूंना छदामही नाही. गोदीच्या शिल्पकारांचे गुण गाण्याआधी ही नोंद व्हायलाच हवी.

टॉमस टेलफर्डने आखलेली ही गोदी 25 ऑक्टोबर 1828 रोजी खुली झाली. वखारी फिलिप हार्डविकच्या. टॉवर ऑफ लंडनपाशी भरती-ओहोटीने टेम्सचे पाणी सहा-सात मीटर चढते-उतरते. म्हणून टेलफर्डने गोदीच्या नदीकडील तोंडाशी जलपाश (लॉक) बांधला आणि वाफेच्या पंपांनी आतले पाणी उंच राखले. वखारी थेट धक्क्याच्या कडेवर असल्याने चहा, नीळ, हस्तिदंत, लोकर हा माल जहाजातून उचलला की सरळ वखारीत जाई. पण जलपाश अरुंद होता. आगबोटी मोठ्या होत गेल्या तशा त्या बाहेरच राहू लागल्या. 1940 च्या बाँबहल्ल्यात बऱ्याच वखारी जळाल्या आणि 1968 मध्ये गोदी बंद पडली.

पुढच्या दशकात येथे मरिना उभी राहिली. टॉवरचे पर्यटक शेजारी होते म्हणून ती चालली, असे सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे; उपाहारगृहे त्यांच्यावरच चालतात. पण पर्यटक नौकेला पाणी देत नाहीत. ओहोटीला नदीकाठ चिखलाने उघडा पडतो, तेव्हाही आतल्या यॉट तरंगत राहतात, त्या टेलफर्डच्या जलपाशामुळे. मोठ्या जहाजांना अडवणारे तेच अरुंद तोंड आणि आटोपशीर कुंडे लहान नौकांना नेमकी पुरली. गोदी व्यापाराला अपुरी पडली ती ज्या मापामुळे, त्याच मापाने तिला दुसरे आयुष्य दिले. मरिना म्हणजे श्रीमंतांचे अंगण, हा आक्षेप मात्र खोडता येत नाही. काठावर कोणीही फिरू शकतो, एवढेच त्यावर म्हणता येते.

जुन्या इमारतींपैकी 1858 चे, घड्याळाच्या मनोऱ्याचे आयव्हरी हाउस सर्वांत मोलाचे. डिकन्स इन ही लाकडी सांगाड्याची जुनी वखार मूळ जागेवरून हलवून उभारलेली आहे. 1973 चे टॉवर हॉटेल आकाराने मोठे, वास्तू म्हणून सामान्य.

अर्थव्यवहार : कार्यालये, सदनिका, दुकाने, नौकांचे भाडे. 2023 मध्ये सिंगापूरच्या सिटी डेव्हलपमेंट्सने ही मालमत्ता सु. 39.5 कोटी पौंडांना घेतली.

जलपाशाचे दरवाजे पूर्ण भरतीच्या सु. दोन तास आधीपासून दीड तासानंतरपर्यंतच उघडतात. टेम्सवरून येणाऱ्या नौकांनी भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघावे.